चेंडू हातात नसताना : वाशीचे कोर्ट, पाच फूट नऊ इंच उंची आणि कॅमेरा

पाचफूटनऊ

मागच्या आठवड्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सेटवर मी जवळजवळ पाऊण तास गुडघे वाकवून उभी होते. मालिकेचा नायक, म्हणजे माझा धाकटा दीर, घर सोडून जात असल्याचे जाहीर करतो आणि आम्ही सगळे देवघरासमोर उभे राहून ते ऐकतो, असा प्रसंग होता. नायकाची उंची पाच फूट सहा इंच, माझी पाच फूट नऊ. त्याच्या पायाखाली लाकडी खोका देता आला असता, पण त्याला दारातून चालत येऊन माझ्या शेजारी थांबायचे होते आणि खोक्यावर चालत येता येत नाही. कॅमेरामननी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले, मी नेहमीप्रमाणे काठपदराच्या साडीच्या आत पाय खांद्यांइतके फाकवले, पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवले आणि तीन-चार इंच खाली आले. कमरेच्या वर त्याचा मागमूसही लागत नाही. नव्याने आलेल्या सहायक दिग्दर्शक मुलीने मधल्या वेळात हळूच विचारले, "ताई, पाय भरून येत नाहीत का?" येतात, पण ही बैठक माझ्या पायांना तेराव्या वर्षापासून ठाऊक आहे. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना असेच उभे राहतात आणि असेच बाजूबाजूने सरकतात. आमचे सर आम्हांला कोर्टाच्या रुंदीत, म्हणजे पंधरा मीटरमध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सरकवत असत. जी मुलगी मध्येच सरळ उभी राही तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

घरी येताना गाडीत हाच विचार डोक्यात घोळत राहिला, म्हणून हा धागा काढते आहे. मी मोठी नटी नाही. गेली बावीस-तेवीस वर्षे मालिका, जाहिराती आणि चार-पाच चित्रपटांतल्या लहान भूमिका यांवर माझे बरे चालले आहे. या कामासाठी मी जे काही शिकले त्यातले बरेचसे वाशीतल्या एका सिमेंटच्या कोर्टावर शिकले, असे मला वाटते आणि ते नेमके काय होते हे एकदा नीट मांडून पाहायचे आहे.

माझे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कंपनीत होते. १९८६ मध्ये आम्ही नौपाड्यातली आजीची दोन खोल्यांची जागा सोडून वाशीत सिडकोच्या घरात राहायला आलो. ठाण्यातले नातेवाईक तेव्हा आम्हांला "खाडीपलीकडे गेलेले" म्हणत आणि त्यात थोडी कीव असे. वाशीला रेल्वे आली ती १९९२ मध्ये, आणि ठाणे-वाशी गाडी तर २००४ पर्यंत नव्हतीच. आजीकडे जायचे म्हणजे कळव्यावरून बस, आणि संध्याकाळी वारा फिरला की खिडकीतून येणारा कंपन्यांचा उग्र वास. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत चार्ल्स कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते, हे मला फार नंतर वाचून कळले. लहानपणी मला एवढेच दिसत असे की इथे गल्लीला नाव नाही, आकडा आहे. झाडे माझ्यापेक्षा बुटकी आहेत. आणि नौपाड्यात कधीच नव्हती ती एक गोष्ट इथे भरपूर आहे, ती म्हणजे मोकळी जमीन. आराखड्यात मैदानासाठी राखलेल्या अशाच एका तुकड्यावर कोणीतरी दोन खांब रोवून कोर्ट केले होते.

त्या कोर्टाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तसे कोर्ट आता दिसत नाही. रिंगमागचे फळे लाकडी होते आणि पावसाने त्यांचे पापुद्रे सुटलेले होते. जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की नाही यावर भांडणे होत. मोठी मुले लोंबकळून लोंबकळून पश्चिमेकडची रिंग पुढून चार बोटे खाली वाकली होती. आम्ही मुली त्याच रिंगवर खेळत असू, कारण दुसरी मुलांनी अडवलेली असे. नियमाप्रमाणे रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर आणि जमिनीला समांतर असावी लागते. आमचा हात वाकलेल्या रिंगवर बसलेला. पहिल्यांदा मुंबईत सामना खेळायला गेलो तेव्हा आमच्या निम्म्या फेकी रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आल्या. पावसाळ्यात फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर नेमके तळे साचे आणि ते खराट्याने लोटून काढण्याची पाळी लावलेली असे. खरचटलेल्या गुडघ्यात सिमेंटची बारीक कच अडके, ती आई मीठपाण्याने धुऊन काढी. चेंडू रबरी, त्याचे दाणे झिजून गुळगुळीत झालेले; थंडीत तो हातातून माशासारखा निसटे.

सर मूळचे नागपाड्याचे होते. मुंबईत बास्केटबॉल म्हटले की नागपाडा, आणि नागपाडा म्हटले की अब्बास मुंतसीर, ज्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. सरांच्या बोलण्यात त्यांचे नाव आले नाही असा दिवस आठवत नाही. सरांचे गणित मात्र त्यांचे स्वतःचे होते. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टावर दोन्ही संघांच्या मिळून दहा मुली, चेंडू एक. म्हणजे सरासरीने प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू चार मिनिटे येतो. सामन्यानंतर मी किती गुण केले हे सांगायला गेले की ते विचारत, "ते चार मिनिटांतले झाले. उरलेल्या छत्तीस मिनिटांत काय केलेस?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढे कॅमेऱ्यासमोर यावे लागले. मालिकेचा एक भाग साधारण बावीस मिनिटांचा असतो आणि थोरल्या जावेच्या वाट्याला त्यात तीन वाक्ये येतात, त्यातले एक बहुधा "अहो, चहा आणू का?" असते. पण थोरली जाऊ जवळजवळ प्रत्येक चौकटीत असते. नायिका रडते तेव्हा ती मागे असते, सासू चिडते तेव्हा ती बाजूला असते, आणि नंतर सगळ्यांचे वेगवेगळे क्लोज घेतात तेव्हा तिचाही घेतात. त्या वेळी समोर नायिका नसतेच. तिचे काम आटोपून ती मेकअप रूममध्ये गेलेली असते. लाइटच्या स्टँडवर चिकटवलेल्या पांढऱ्या टेपच्या तुकड्याकडे बघायचे आणि सहायकाने वाणसामानाची यादी वाचावी तशा आवाजात दिलेल्या क्यूवर आपला चेहरा हलवायचा. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले नट वाक्य असताना उत्तम असतात आणि वाक्य संपले की विझतात, पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहतात. सर अशा मुलींना "बस स्टॉप" म्हणत.

चेंडू नसताना करण्याच्या गोष्टी कोर्टावर पुष्कळ असतात. आपल्या गड्याला वाट मोकळी करून द्यायची असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखे स्थिर उभे राहायचे. याला स्क्रीन लावणे म्हणतात, आणि पुढे जन्मभर स्क्रीनवरच काम करणाऱ्या बाईला या शब्दाची गंमत वाटली नाही तरच नवल. रिकाम्या जागेत अर्धे पाऊल आधी पोहोचायचे. मान न वळवता डोळ्यांच्या कडेने दोघींना पाहायचे. आणखी एक गोष्ट पायांची. चेंडू धरून थांबल्यावर एक पाय खिळ्यासारखा रोवायचा आणि दुसरा हवा तिकडे फिरवायचा; रोवलेला पाय उचलला की संपले. सेटवर जमिनीला रंगीत टेपची खूण करतात आणि खाली न पाहता चालत येऊन त्या खुणेवर थांबायचे असते, कारण फोकस तेवढ्याच अंतरासाठी मोजून ठेवलेला असतो. नवीन मुलांना खाली बघण्याची सवय मोडायला महिने लागतात. मला पहिल्या दिवसापासून तो त्रास झाला नाही. रेषा कुठे आहे हे तळपायाला कळते, एवढेच मी सांगू शकते.

आता उंचीविषयी. शाळेच्या रांगेत मी कायम शेवटची. कोर्टावर त्याच उंचीमुळे मला रिंगखाली उभे करत आणि चेंडू वरून येई. ऑडिशनला मात्र नाव, वय, उंची सांगून डावी-उजवी बाजू दाखवायची असते, आणि "पाच नऊ" म्हटले की टेबलापलीकडचे दोघे एकमेकांकडे पाहतात. इन्स्पेक्टर, वकील, वसतिगृहाची वॉर्डन, खलनायकाची विधवा बहीण असे करत करत मी थोरल्या जावेपर्यंत आले. तक्रार नाही, उंच बाईने रागावून बघितले की ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, आणि राग हा मालिकांत बारमाही पीक आहे.

एकदाच, २०११ मध्ये, एका जाहिरातीत मला चेंडू मिळाला. मुलाला खेळ शिकवणारी आई, शेवटी ती स्वतः फेक करते आणि चेंडू आत जातो. दिग्दर्शकांना ते न कापता एका तुकड्यात हवे होते. मी निर्धास्त होते. पहिली फेक मागच्या फळ्यावर गेली. दुसरी त्याहून वर. अकरा फेकी फुकट गेल्यावर युनिट गप्प झाले, मेकअपदादा दर वेळी येऊन ग्लिसरिनचा खोटा घाम पुसून खरा घाम टिपू लागले, आणि मग माझ्या लक्षात आले की मुलाला रिंगपर्यंत पोहोचता यावे म्हणून कलाविभागाने ती एक फूट खाली आणली होती. मुलाचे दृश्य आधीच चित्रित झालेले असल्यामुळे ती वर नेता येईना. मग मला वाशीची पश्चिमेकडची रिंग आठवली, मन त्या वाकलेल्या कडेवर ठेवून हात जरा आखडला, आणि सतराव्या टेकला चेंडू गेला. जाहिरात लागली तेव्हा त्यात माझा हात, मग कट, मग रिंगमध्ये पडणारा चेंडू असे होते.

इथे नवी मुंबईत किंवा ठाण्यात वाढलेले, कुठलाही मैदानी खेळ खेळलेले आणि आता कॅमेऱ्याच्या पुढे किंवा मागे काम करणारे कोणी असतील तर त्यांच्या अंगात त्यातले काय उरले आहे, हे वाचायला आवडेल.

सेक्टर_दहा

ती रिंग! मीही त्या लोंबकळणाऱ्यांपैकी एक होतो. उशिरा का होईना, क्षमस्व.

शिट्टी

ताई, लेख आवडला, पण मी पंधरा वर्षे पंच म्हणून उभा राहिलेलो असल्यामुळे एक दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नाही. रोवलेला पाय उचलला की संपले, हे पूर्ण खरे नाही. पास देण्यासाठी किंवा फेक करण्यासाठी तो पाय उचलता येतो. अट एवढीच की चेंडू हातातून सुटण्यापूर्वी तो पुन्हा जमिनीला लागता कामा नये. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे जाणे, सुरू करायचे असेल तर मात्र चेंडू हातातून सुटेपर्यंत पाय उचलता येत नाही. तुमच्या सरांनी तेराव्या वर्षी मुद्दाम कडक नियम सांगितला असणार, आम्हीही लहान मुलांना तसाच सांगतो. शिवाय २०१७ मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, नियमाचे शब्द बदलले. धावत असताना चेंडू हातात आला तर तो ताब्यात येतानाचे पाऊल आता मोजत नाहीत. त्यामुळे आमच्या पिढीतले प्रेक्षक आजचे सामने पाहताना "स्टेप्स, स्टेप्स" म्हणून ओरडतात आणि मला घरी बसून त्यांना समजावावे लागते.

तुम्ही खेळलात त्या काळातल्या आणखी दोन गोष्टी तुम्हांला आठवत असतील. रिंगखालची रंगवलेली जागा तेव्हा समलंब चौकोनाची होती. २०१० मध्ये ती आयत झाली आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होई आणि आक्रमणाला तीस सेकंद मिळत; २००० नंतर दहा मिनिटांचे चार भाग आणि चोवीस सेकंद आले. चाळीस मिनिटे तीच राहिली, म्हणजे सरांचे गणित अजून लागू आहे. मात्र त्या चाळीस मिनिटांत घड्याळ थांबलेला वेळ धरलेला नाही. पंच म्हणून सांगतो, खेळाडूचा खरा स्वभाव त्याच वेळात दिसतो. कोण चेंडू उचलून पंचाच्या हातात देतो, कोण लाथेने ढकलतो, आणि पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उठवायला कोण हात पुढे करतो.

कॅमेऱ्यामागचा_कळवेकर

मी संकलक आहे, आणि तुमची सतरावी फेक ज्याने कापली त्याच्या जातीचा आहे, म्हणून बाजू मांडतो. चेंडू हातातून सुटून रिंगमध्ये पडायला साधारण एक सेकंद लागतो. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला पंचवीस चौकटी असतात. या पंचवीस चौकटी म्हणजे वीस सेकंदांच्या जाहिरातीचा विसावा भाग, आणि त्या काळात चेहरा दिसत नाही, वस्तू दिसत नाही, ब्रँडचे नाव दिसत नाही. दिसतो तो आकाशात एक नारिंगी ठिपका. ग्राहकाच्या खोलीत बसलेला माणूस सर्वांत आधी तेवढेच काढायला सांगतो. तुमच्या संकलकाला ते कापताना वाईट वाटले असेल, याची मला खात्री आहे.

पण त्यापेक्षा खोल अडचण आहे ती चौकटीच्या आकाराची. खेळाडूचा चेहरा वाचता येईल इतका मोठा ठेवला की ३.०५ मीटरवरची रिंग चौकटीबाहेर जाते; रिंग आणि खेळाडू दोन्ही घेतले की चेहरा वाटाण्याएवढा होतो. क्रिकेटमध्ये फलंदाज आणि चेंडू जमिनीलगत असतात, म्हणून आडव्या पडद्याला ते मानवते. हल्ली मोबाइलच्या उभ्या चौकटीत काम करताना मला जाणवले की तिथे रिंग आणि माणूस छान मावतात, पण मग बाजूचे सगळे खेळाडू नाहीसे होतात. म्हणजे तुमच्या छत्तीस मिनिटांसाठी तिथे जागाच नाही.

आवाजाचीही एक गंमत सांगतो. ड्रिबलचा ठोका माइकला शत्रूसारखा असतो. वाक्य आणि ठोका एकत्र ध्वनिमुद्रित झाले की नंतर वेगळे करता येत नाहीत, आणि मी दृश्य मध्येच कापले तर ठोक्यांची लय तुटून प्रेक्षकाच्या कानाला ठेच लागते. त्यामुळे ध्वनिमुद्रक सांगतो की बोलताना चेंडू काखेत धरा. मालिकांतले सगळे बास्केटबॉलपटू चेंडू काखेत धरून प्रेमाच्या गप्पा का मारतात, याचे उत्तर हे आहे.

तलावपाळी

लेख वाचनीय आहे, पण मला मूळ मुद्दा पटलेला नाही, आणि तो का पटलेला नाही हे सविस्तर लिहितो. मी गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिथे आधी प्रेक्षक म्हणून आणि मग रंगमंचावर वावरलो आहे. वाक्य नसताना जिवंत राहणे हे नटाचे पहिले काम आहे, ते तुम्ही एकांकिकांत शिकला असणार, आणि आता आठवणीत त्याचे श्रेय बास्केटबॉलला देत आहात. आपल्या तरुणपणी जे सर्वांत आनंदाचे होते त्याला नंतर सगळ्याच गुणांचे श्रेय मिळते. माझ्या मित्राला वाटते की तो तबला शिकल्यामुळे चांगला हिशेबनीस झाला.

दुसरे म्हणजे, तुमची उपमा नाटकाला लागू पडत नाही. रंगमंचावर चेंडू कोणाकडे आहे हे प्रेक्षक ठरवतो. बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेली बाई नायकाकडे न पाहता कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या म्हातारीकडे दोन तास पाहू शकते आणि तिला कोणी अडवू शकत नाही. मालिकेत मात्र वर लिहिणाऱ्या संकलक महाशयांच्या हातात चेंडू असतो. तुम्ही रिकाम्या जागेत अर्धे पाऊल आधी पोहोचलात तरी त्यांनी कापले तर कापले. मग ही धडपड कोणासाठी?

पाचफूटनऊ

शिट्टी, दुरुस्तीबद्दल आभार. समलंब चौकोन विसरलेच होते. आमच्या कोर्टावर त्याच्या तिरक्या रेषा दरवर्षी कोणीतरी सुतळी धरून चुन्याने काढत असे आणि दोन्ही बाजू कधीच सारख्या येत नसत.

तलावपाळी काका, तुम्ही अर्धे बरोबर आहात. कॉलेजात आम्ही एकांकिका करत होतो आणि तिथेही मी उंचीमुळे बहुतेक वेळा मागेच असे. पण फरक मला आठवतो. एकांकिकेत दिग्दर्शकाने सांगितलेले असे की या वाक्याला तू वळ, त्या वाक्याला सुस्कारा टाक. ऐकण्याचे ते बसवलेले नाटक होते आणि आम्ही ते पंचवीस तालमींत घोटत होतो. मालिकेत तालीम नसते. पाने कित्येकदा सेटवर, शाई ओली असताना येतात, आणि समोरचा काय करणार हे त्याने करेपर्यंत मला ठाऊक नसते. अशा वेळी उपयोगी पडते ते कोर्टावरचे, जिथे काहीच बसवलेले नसते आणि तरीही उभे कुठे राहायचे हे ठरवावे लागते. तबला आणि हिशेब यांविषयी मात्र मी वाद घालणार नाही, मात्रा मोजणे म्हणजे हिशेबच.

धडपड कोणासाठी, याचे उत्तर संकलक देऊ शकतील.

कॅमेऱ्यामागचा_कळवेकर

देतो. रोज रात्री माझ्यासमोर दोन-तीन कॅमेऱ्यांचे फुटेज असते आणि सकाळपर्यंत भाग द्यायचा असतो. नायकाचे वाक्य फसलेले असते, पुन्हा घ्यायला वेळ नसतो, आणि मला ते फसलेले दोन सेकंद कशाने तरी झाकायचे असतात. मी सगळ्यांच्या क्लोजमधून फिरतो. निम्मे जण वाट पाहत असतात, एक जण जांभई दाबत असतो. एखादीच असते जी खरोखर ऐकते आहे. तिचा चेहरा मी टाकतो, आणि पुढच्या वेळी अडचण आली की आधी तिचाच कॅमेरा उघडतो. काकांनी म्हटले की चेंडू माझ्या हातात असतो. मान्य, पण मी पास मोकळ्या खेळाडूलाच देतो.

नौपाडा_ते_नेरूळ

या विषयावर एक उदाहरण राहून गेले आहे. डेन्झेल वॉशिंग्टन यांचा जन्म १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेला लागून असलेल्या माउंट व्हर्ननमध्ये झाला. महानगराला चिकटलेले पण त्याच्यात न मोडणारे गाव, आपल्या ठाण्यासारखे म्हणा. ब्राँक्समधल्या फोर्डहॅम विद्यापीठात ते बास्केटबॉल खेळले, आणि तिथे त्यांना शिकवणारे पी. जे. कार्लेसिमो पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षक झाले. १९९८ मध्ये स्पाइक ली यांच्या चित्रपटात त्यांनी बापाची भूमिका केली आणि मुलाच्या भूमिकेत रे ॲलन हा खराखुरा एनबीए खेळाडू होता, ज्याने त्यापूर्वी अभिनय केलेला नव्हता. शेवटी बापलेकांचा एकास एक सामना आहे. संहितेप्रमाणे मुलाने बापाला एकही गुण न देता हरवायचे होते. प्रत्यक्ष कॅमेरा सुरू झाल्यावर वॉशिंग्टन यांनी खरेच खेळून काही गुण मिळवले, ॲलनला ते अनपेक्षित होते, आणि दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले.

मला यात रस वाटतो तो असा की तिथे नटाला संहितेबाहेर काढले ते खेळाने. लिहिलेले वाक्य नटाने बदलले तर त्याला उद्धट म्हणतात. चेंडू आत गेला तर कोणी काही म्हणू शकत नाही. अर्थात चेंडू खरोखर आत जावा लागतो, आणि रिंग योग्य उंचीवर असावी लागते.

तलावपाळी

हे उदाहरण चांगले आहे. संकलकांचे उत्तरही चांगले आहे. तबल्याचा दाखला मागे घेत नाही.

कोपरखैरणे_आई

मी कलाक्षेत्रातली नाही, पण धागा वाचून राहवले नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि आत्ताच पाच फूट चार इंच आहे. गेल्या वर्षभरात ती खांदे पुढे घेऊन, मान खाली घालून चालायला लागली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नृत्यातून तिला काढून "तू झाड हो" असे सांगितले, तेव्हापासून जास्तच. आमच्या सोसायटीत एक रिंग होती, ती गाड्या लावायला जागा हवी म्हणून काढली. सभेत मी एकटीच विरोधात होते. तिला बास्केटबॉलला घालावे असे मनात येते, पण या वयात रिंग तिला फार उंच पडेल का, आणि आता सुरुवात करायला उशीर झाला आहे का? शिवाय तिला नाटकात काम करायचे आहे, हे ती फक्त मला सांगते.

शिट्टी

उशीर मुळीच झालेला नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ क्रमांकाचा, म्हणजे मोठ्या पुरुषांच्या ७ क्रमांकापेक्षा बराच लहान आणि हलका. सुरुवातीला मोठा चेंडू देऊ नका. ताकद कमी पडली की मुले खांद्यावरून ढकलून फेकतात आणि ती सवय पुढे सुटत नाही. उंचीचा दाखला हवा असेल तर तिला गीतू ॲना जोसचे सामने दाखवा. भारताकडून खेळलेली, २०१४ चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली, आणि सहा फुटांच्या वर.

पाचफूटनऊ

ताई, झाड मीही झाले होते, दोनदा. दुसऱ्या वेळी फांदी म्हणून हात वर धरायचा होता आणि मी तो कार्यक्रम संपेपर्यंत खाली घेतला नाही, कारण सर प्रेक्षकांत बसले होते.

खांद्यांविषयी सांगते. तिला "ताठ चाल" असे सांगू नका. मला घरात दिवसातून दहा वेळा सांगत आणि मी आणखी वाकत असे. बचावाच्या बैठकीत पाठ ताठ ठेवावीच लागते, नाहीतर तोल पुढे जातो आणि समोरची मुलगी निघून जाते. तिथे ते कोणी सांगावे लागत नाही. माझे खांदे साधारण दोन पावसाळ्यांत मागे गेले. नाटकाचे तिने तुम्हांला एकटीलाच सांगितले आहे ना, मग ते तसेच राहू द्या, मीही विचारणार नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चार-पाच बायका वाशीत अजून खेळतो. फळे आता काचेसारखे पारदर्शक आहेत, रिंग सरळ आहे आणि जाळीही आहे. तुम्ही दोघी या. ठिकाण निरोपात कळवते. सपाट तळव्याचे बूट तेवढे हवेत, ५ क्रमांकाचा चेंडू माझ्या भाचीचा पडून आहे, त्यात हवा भरून ठेवते. काल रात्री पाऊस झाला आहे आणि फ्री थ्रोच्या रेषेवर पाणी अजूनही साचते, तेव्हा पहिली दहा मिनिटे त्यात जातील. खराटा मी आणते.